बोटांची साक्ष

[माणसाचे नाव बदलू शकते, पत्ता बदलू शकतो, चेहराही वयाप्रमाणे बदलतो. बोटांवरील रेषा मात्र जन्मभर त्याच राहतात. नोकरी, परवाना, जमिनीचा व्यवहार अशा अनेक कामांत आज बोटांचे ठसे मागितले जातात. ठसे घेण्याच्या पद्धती कोणत्या, त्या कशा निर्माण झाल्या आणि कोणत्या कामासाठी कोणती पद्धत योग्य, याची माहिती या पाठात दिली आहे.]

आपल्या उजव्या हाताचा अंगठा उजेडात धरून पाहा. त्यावर बारीक रेषा दिसतील. शेतात सरी आणि वरंबा असतो ना, तशाच या रेषा असतात. उंच भाग म्हणजे वरंबा आणि दोन वरंब्यांमधला खोल भाग म्हणजे सरी. बोटाला शाई लावून ते कागदावर टेकवले, की वरंब्यावरची शाई कागदावर उतरते. सरीची जागा कोरी राहते. यालाच आपण बोटाचा ठसा म्हणतो. पोलीस खात्यात त्याला 'अंगुलिमुद्रा' असा शब्द आहे.

या रेषा बाळ आईच्या पोटात असतानाच तयार होतात. साधारण तिसऱ्या महिन्यात त्यांची सुरुवात होते आणि सहाव्या महिन्यापर्यंत त्यांची रचना पक्की होते. पुढे बोट वाढते, रेषांमधले अंतर वाढते, पण रचना बदलत नाही. बोटाला थोडे कापले किंवा भाजले, तर नवी कातडी येते आणि त्याच रेषा पुन्हा उमटतात. जखम खोल असेल तर व्रण राहतो आणि तो व्रणच एक नवी खूण बनतो. जुळ्या भावंडांचे चेहरे सारखे असतात, पण त्यांच्या बोटांचे ठसे सारखे नसतात. एवढेच काय, आपल्या स्वतःच्या दहा बोटांचे ठसेही एकमेकांपासून वेगळे असतात.

ठशांचे मुख्य प्रकार तीन आहेत. रेषा गोल फिरून मध्यभागी वर्तुळ करतात, त्याला चक्र म्हणतात. रेषा एका बाजूने येऊन वळसा घेतात व त्याच बाजूला परत जातात, त्याला शंख म्हणतात. रेषा एका बाजूने येतात, मध्ये उंच होतात आणि दुसऱ्या बाजूला निघून जातात, ती कमान. शंख सर्वांत जास्त आढळतात. शंभर ठशांत साधारण ६० ते ६५ शंख, ३० ते ३५ चक्रे आणि पाचच्या आसपास कमानी असतात. पण केवळ प्रकारावरून माणूस ओळखता येत नाही. त्यासाठी रेषा कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, कुठे छोटे बेट तयार होते, या बारीक खुणा पाहाव्या लागतात.

आता कोणी विचारील, माणसाला ओळखण्यासाठी नाव पुरेसे नाही का? धाराशिव जिल्ह्यातील येडशी गावाचेच उदाहरण घेऊ. येडशी हे सोलापूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या महामार्गावरचे गाव. लातूर-बार्शी रस्ताही येथूनच जातो. गावाला रेल्वे स्थानक आहे. शेजारी रामलिंग घाटाचे अभयारण्य आहे. अशा चौरस्त्यावरच्या गावातून तरुण माणसे कामासाठी सोलापूर, पुणे, मुंबईला जातात. आपल्या भागात शेख, सय्यद, पठाण, शिंदे, जाधव, पवार ही आडनावे किती घरांत आहेत, हे तुम्हांला माहीत आहे. एकाच नावाची, एकाच आडनावाची दोन-तीन माणसे एका तालुक्यात सहज सापडतात. कधी वडिलांचे नावही तेच असते. शिवाय एकच नाव उर्दूत एक प्रकारे, मराठीत दुसऱ्या प्रकारे आणि इंग्रजीत तिसऱ्या प्रकारे लिहिले जाते. शिधापत्रिकेवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर थोडे वेगळे, असे अनेकांचे होते.

अशा वेळी समजा, एका तरुणाने नोकरीसाठी अर्ज केला आणि त्याच्याच नावाच्या दुसऱ्या माणसावर गुन्हा दाखल आहे. नावावरून शोध घेतला, तर निरपराध तरुणावर संशय येईल. त्याची नोकरी जाईल. घरी वाट पाहणाऱ्या माणसांचा घास जाईल. बोटांचे ठसे जुळवून पाहिले, तर दोन माणसे वेगळी आहेत हे सिद्ध होते. म्हणजे ठसा केवळ गुन्हेगाराला पकडत नाही, निरपराध माणसाला सोडवतोही. ही गोष्ट नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

ठशांचा असा उपयोग करण्याची सुरुवात आपल्याच देशात झाली. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाचे इंग्रज अधिकारी होते. त्यांना रस्त्यासाठी लागणारा माल पुरवण्याचा करार राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराशी करायचा होता. पुढे त्याने सही नाकारू नये, म्हणून हर्शेल यांनी त्याच्या पंजाला शाई लावून कराराच्या कागदावर छाप घेतली. पुढे अनेक वर्षे ते लोकांचे ठसे गोळा करत राहिले. काळ गेला तरी ठसा बदलत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. १८७७ मध्ये हुगळी येथे त्यांनी निवृत्तिवेतन घेणारे लोक, दस्त नोंदवणारे लोक आणि कैदी यांचे ठसे घेण्याची पद्धत सुरू केली. मेलेल्या माणसाच्या नावावर दुसऱ्यानेच पैसे उचलावेत, असे प्रकार त्यामुळे रोखता येऊ लागले.

ठसे घेणे सोपे होते, पण हजारो ठशांमधून नेमका एक शोधायचा कसा, हा मोठा प्रश्न होता. तो सोडवण्यात दोन भारतीय अधिकाऱ्यांचा मोलाचा वाटा आहे. त्यांची नावे काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस. अझीझुल हक हे खुलना भागातले. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेले आणि गणितात हुशार. बंगालचे पोलीस प्रमुख एडवर्ड हेन्री यांनी त्यांना या कामासाठी पोलीस खात्यात घेतले.

हक यांची युक्ती समजून घेऊ. हाताची बोटे दहा. प्रत्येक बोटाबाबत एकच प्रश्न विचारायचा, या बोटावर चक्र आहे की नाही? उत्तरे दोनच, 'आहे' किंवा 'नाही'. एका बोटाची उत्तरे २, दोन बोटांची मिळून ४, तीन बोटांची ८. असे दुप्पट करत गेल्यास दहा बोटांची उत्तरे १०२४ होतात. म्हणून कपाटात ३२ उभे आणि ३२ आडवे असे १०२४ कप्पे करायचे. ज्याची जी उत्तरे, त्या कप्प्यात त्याचा कागद ठेवायचा. नवा कागद आला, की त्याचा कप्पा लगेच कळतो. मग सगळे कपाट उपसण्याची गरज राहत नाही. फक्त त्या एका कप्प्यातले कागद पाहिले की झाले.

या पद्धतीवर आधारलेले अंगुलिमुद्रा केंद्र १८९७ साली कलकत्त्यात सुरू झाले. असे हे जगातील पहिले केंद्र मानले जाते. त्याच वर्षी आपल्याकडे बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली होती. हीच छोटी रेल्वे पुढे येडशीवरून लातूरपर्यंत गेली. जलपायगुडी भागात एका चहाच्या मळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. तेथे सापडलेल्या पंचांगावर रक्ताने माखलेल्या अंगठ्याचा डाग होता. तो डाग केंद्रातील एका जुन्या गुन्हेगाराच्या ठशाशी जुळला. ठशावरून न्यायालयाने त्याला चोरीबद्दल दोषी ठरवले. खून करताना त्याला कोणी पाहिले नव्हते, म्हणून खुनाचा आरोप मात्र सिद्ध मानला नाही. १९०१ साली लंडनच्या स्कॉटलंड यार्डने हीच पद्धत स्वीकारली. जगात ती 'हेन्री पद्धत' म्हणून प्रसिद्ध झाली. हक व बोस यांचे नाव मागे राहिले. पुढे सरकारने हक यांना 'खान बहादूर' आणि बोस यांना 'राय बहादूर' हे किताब दिले व बक्षीसही दिले. हक बिहारमधील मोतिहारी येथे स्थायिक झाले. तेथेच १९३५ साली त्यांचे निधन झाले.

आता ठसे घेण्याच्या पद्धती पाहू.

पहिली पद्धत शाईची. काचेच्या किंवा धातूच्या गुळगुळीत पट्टीवर छपाईच्या काळ्या शाईचा अगदी पातळ थर रुळाने पसरतात. ठसे देणाऱ्याने हात साबणाने धुऊन कोरडे करायचे असतात. मग ठसे घेणारा एकेक बोट धरून नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शाईवर फिरवतो आणि तसेच कागदावर फिरवतो. हा झाला फिरवून घेतलेला ठसा. यात बोटाच्या दोन्ही बाजू येतात, म्हणून खुणा जास्त मिळतात. त्यानंतर चार बोटे एकत्र सरळ टेकवून सपाट ठसा घेतात. अंगठ्यांचेही सपाट ठसे घेतात. सपाट ठसे का? फिरवून ठसे घेताना चुकून बोटांचा क्रम बदलला असेल, तर तो सपाट ठशांवरून लक्षात येतो. बोट स्वतः दाबायचे नसते. हात सैल सोडायचा. घेणारा फिरवील तसे फिरू द्यायचे. जोर लावला की शाई सरीत उतरते आणि सगळा काळा डाग होतो.

दुसरी पद्धत यंत्राची. यात शाई नसते. यंत्राच्या काचेवर बोट ठेवतात. आतून काचेवर प्रकाश पडतो. जिथे वरंबा काचेला टेकतो आणि जिथे सरीमुळे पोकळी राहते, त्या दोन जागांवरून प्रकाश वेगवेगळ्या रीतीने परततो. त्यावरून संगणकावर ठशाचे चित्र तयार होते. चांगल्या यंत्रात एका इंचात ५०० ठिपके इतके बारीक चित्र मिळते. ठसा पुसट आला तर यंत्र लगेच सांगते आणि तिथल्या तिथे पुन्हा घेता येतो. चित्र क्षणात दूरच्या कार्यालयात पोहोचते. हेमचंद्र बोस यांनी फार पूर्वी ठशांचे वर्णन तारेने कळवण्यासाठी सांकेतिक अंक तयार केले होते. तेच काम आज संगणक करतो.

यंत्रांतही प्रकार आहेत. एका अंगठ्यापुरते छोटे यंत्र दुकानात किंवा बँकेत असते. ते 'हा माणूस तोच आहे का?' एवढेच विचारते. म्हणजे आधी दिलेल्या ठशाशी आताचा ठसा ताडून पाहते. दहाही बोटांचे मोठे यंत्र वेगळे. ते 'हा माणूस कोण आहे?' असे विचारते. त्यासाठी लाखो ठशांत शोध घ्यावा लागतो. पहिल्या कामाला एक बोट पुरते, दुसऱ्याला दहा बोटे लागतात. पद्धत निवडताना हा फरक सर्वांत महत्त्वाचा आहे.

महाराष्ट्रात गुन्हे अन्वेषण विभागाचे अंगुलिमुद्रा केंद्र पुण्यात आहे. २०२२ साली देशभरातील पोलिसांसाठी ठशांची राष्ट्रीय संगणक प्रणाली सुरू झाली. ती दिल्लीच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोकडे आहे. जे काम पूर्वी १०२४ कप्प्यांच्या कपाटाने केले, ते आता या प्रणालीने होते. आधार क्रमांकासाठीही दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांची बुबुळे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेतात. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या राज्यातील नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देण्यात आला. मात्र आधारचे ठसे आणि पोलिसांकडील ठसे या दोन वेगळ्या नोंदी आहेत, हे विसरू नये.

आता वेगवेगळ्या कामांसाठी काय करावे, ते येडशीतील काही माणसांची कल्पना करून पाहू.

समजा, एका तरुणाला पुण्यात सुरक्षारक्षकाची नोकरी मिळत आहे. २००५ च्या कायद्याप्रमाणे खाजगी सुरक्षा संस्थेला सरकारी परवाना लागतो. रक्षक नेमण्यापूर्वी त्याच्या चारित्र्याची पडताळणी करावी लागते. त्यासाठी तरुणाने पोलिसांकडे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्राचा अर्ज करायचा. हा अर्ज ऑनलाइन करता येतो. पोलीस त्याचे नाव, पत्ता आणि गुन्ह्यांची नोंद तपासतात. या कामात साधारणपणे ठशांची गरज पडत नाही. सरकारी नोकरीत 'साक्षांकन नमुना' भरून घेतात आणि त्यावरून पडताळणी होते. तेथे माहिती खरी आणि पूर्ण लिहिणे हेच सर्वांत महत्त्वाचे.

दुसरा तरुण पोलीस भरतीला उभा आहे. मैदानी चाचणीला एकाने धावायचे आणि लेखी परीक्षेला दुसऱ्याने बसायचे, असे गैरप्रकार उघडकीस आले आहेत. ते रोखण्यासाठी उमेदवाराचा ठसा यंत्रावर घेतात व पुढच्या टप्प्यावर ताडून पाहतात. येथे प्रश्न 'तोच का?' असा आहे. म्हणून यंत्राची पद्धतच योग्य. मेहनत करणाऱ्या उमेदवाराची जागा तोतया पळवत नाही, हा तिचा फायदा.

तिसरी व्यक्ती परिचारिका आहे. ती काही वर्षे अमेरिकेत राहून आली. आता दुसऱ्या देशात नोकरीसाठी तिला अमेरिकेतील गुन्हेनोंदीचा दाखला हवा आहे. हा दाखला तेथील एफबीआय ही संस्था देते. भारतात राहणाऱ्याला ठरावीक नमुन्याच्या कागदावर दहा बोटांचे ठसे घेऊन टपालाने पाठवता येतात. येथे शाईची जुनी पद्धतच उपयोगी पडते. पण ठसे पुसट असतील तर ते अनेक आठवड्यांनी नाकारले जातात आणि नोकरीची तारीख निघून जाते. म्हणून ठसे अनुभवी माणसाकडून घ्यावेत. एकाऐवजी दोन कागद तयार करून पाठवावेत. पाठवण्यापूर्वी प्रत्येक ठशातील रेषा भिंगातून पाहून घ्याव्यात. परदेशाच्या व्हिसासाठी मात्र अनेक देश आपल्याच केंद्रात यंत्रावर ठसे घेतात. तेथे शाईचा कागद नेऊन उपयोग नाही.

चौथे एक शेतकरी आजोबा आहेत. त्यांना जमीन मुलाच्या नावे करायची आहे. २००१ साली नोंदणी कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून मालमत्तेच्या हस्तांतरणाच्या दस्तावर देणारा आणि घेणारा दोघांचे छायाचित्र व बोटांचे ठसे लागतात. सही करता येणाऱ्यालाही ठसा द्यावा लागतो. आपला भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेव्हा सरकारी कामकाजाची भाषा उर्दू होती. तुमच्या घरी त्या काळातील एखादा उर्दू दस्त असेल, तर तो तुम्ही वाचू शकाल. त्यावर अंगठ्याची निशाणी आहे का, तेही पाहा. 'अंगठाबहाद्दर' हा शब्द आपण निरक्षर माणसासाठी थट्टेने वापरतो. पण आज न्यायाधीशालाही घर घेताना अंगठा उमटवावा लागतो!

पाचवी एक मुलगी आहे. तिला दुचाकीचा शिकाऊ परवाना काढायचा आहे. महाराष्ट्रात २०२१ पासून हा परवाना घरबसल्या काढण्याची सोय आहे. आधार क्रमांक आणि मोबाइलवर येणारा संकेतांक यांवर ओळख पटते. येथे ठशाची गरजच नाही. जिथे गरज नाही, तिथे ठसा देऊ नये, हेही एक शहाणपण आहे.

आता एक अडचण सांगितली पाहिजे. ऊसतोड करणारे, वीटभट्टीवर राबणारे, सिमेंट कालवणारे यांच्या बोटांच्या रेषा झिजतात. म्हाताऱ्या माणसांची कातडी कोरडी व सैल होते. रेशन दुकानातील यंत्रावर त्यांचा अंगठा उमटत नाही. ज्यांनी आयुष्यभर हाताने कष्ट केले, त्यांनाच यंत्र 'ओळखत नाही' म्हणते. हा दोष त्यांचा नाही. अशा वेळी हात धुऊन, पुसून, थोडा ओलावा देऊन दुसरे बोट वापरून पाहावे. तेही जमले नाही, तर बुबुळावरून किंवा मोबाइलच्या संकेतांकावरून ओळख पटवण्याची मागणी करावी. ताज्या मेंदीचा थर बोटावर असेल तरी अडचण येऊ शकते. म्हणून लग्नसराईत ठसे देण्याचे काम असेल, तर ते मेंदीपूर्वी उरकावे. पाच वर्षांखालील मुलांचे ठसे आधारसाठी घेत नाहीत. वयाच्या पाचव्या आणि पंधराव्या वर्षी मात्र ठसे नव्याने नोंदवावे लागतात. तुमच्यापैकी अनेकांचे ते वय आता आहे.

ठसे न बदलणारे असले, तरी ते वाचणारा माणूस चुकू शकतो. २००४ साली स्पेनमधील माद्रिद शहरात रेल्वेगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. तेथे सापडलेला एक ठसा संगणकाने सुचवलेल्या ठशांपैकी अमेरिकेतील एका वकिलाच्या ठशासारखा दिसला. तज्ज्ञांनी तो त्याचाच आहे, असे सांगितले. त्याला दोन आठवडे अटकेत ठेवले. पुढे स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचे दाखवून दिले. एफबीआयने त्या वकिलाची माफी मागितली. संगणक फक्त सुचवतो. निर्णय माणसाने, घाई न करता आणि मनात पूर्वग्रह न ठेवता घ्यायचा असतो.

पूर्वग्रहाचे त्याहून मोठे उदाहरण आपल्याच देशात आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. १९११ च्या कायद्याने त्यांच्या नोंदवलेल्या माणसांचे ठसे घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. गुन्हा केलेला नसतानाही पारधी व इतर जमातींच्या लोकांना हजेरी द्यावी लागे. सोलापूरला त्यांची तारेच्या कुंपणातील वसाहत होती. स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. ठसा एका माणसाची ओळख सांगतो. त्याची जात, धर्म किंवा स्वभाव सांगत नाही. हे विसरले, की चांगले साधनही अन्यायाचे हत्यार बनते.

ठशांची चोरीही होऊ शकते. २०१८ साली तेलंगणात एका माणसाने जमिनीच्या दस्तांवरील ठशांवरून रबरी ठसे तयार केले आणि लोकांच्या नावावर मोबाइलची सिमकार्डे सुरू केली. कुलपाची किल्ली हरवली तर कुलूप बदलता येते. अंगठा बदलता येत नाही. म्हणून आधारचे ठसे 'लॉक' करण्याची सोय आहे, तिचा उपयोग करावा. दुकानदार किंवा दलाल 'इथे अंगठा लावा' म्हणाला, की लगेच लावू नये.

तेव्हा ठसा देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. ठसा कोण मागतो आहे आणि त्याला तो अधिकार आहे का? कशासाठी मागतो आहे? शाईचा हवा की यंत्राचा, एका बोटाचा की दहा बोटांचा? आणि ठसा उमटला नाही तर दुसरा मार्ग कोणता? ही उत्तरे लेखी नियमात, अर्जाच्या मागे किंवा कार्यालयाच्या फलकावर पाहावीत. जो हे विचारतो, त्याचा वेळ वाचतो, पैसा वाचतो आणि हक्कही राखला जातो. अझीझुल हक यांनी दहा बोटांना एकेक साधा प्रश्न विचारून मोठे कोडे सोडवले. आपणही अंगठा उमटवण्याआधी योग्य प्रश्न विचारायला शिकले पाहिजे.

शब्दार्थ

अंगुलिमुद्रा – बोटाचा ठसा
वरंबा – दोन सऱ्यांमधील उंच भाग
व्रण – जखमेची खूण
दस्त – व्यवहाराचा लेखी कागद
पडताळणी – खरे-खोटे तपासणे
तोतया – दुसऱ्याचे सोंग घेणारा
पूर्वग्रह – आधीच करून घेतलेले मत
बुबुळ – डोळ्यातील रंगीत गोल भाग
विमुक्त – बंधनातून सुटलेला

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) ठशांचे तीन मुख्य प्रकार कोणते?
(२) हर्शेल यांनी करारावर कोणाच्या पंजाची छाप घेतली?
(३) देशातील पहिला आधार क्रमांक कोणत्या गावात दिला गेला?
(४) सपाट ठसे कशासाठी घेतात?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) अझीझुल हक यांची १०२४ कप्प्यांची युक्ती समजावून सांगा.
(२) 'तोच का?' आणि 'कोण आहे?' या दोन प्रश्नांत काय फरक आहे?
(३) ठसा निरपराध माणसालाही सोडवतो, असे लेखकाने का म्हटले आहे?

प्र. ३. कारणे लिहा.
(१) कष्टकरी माणसांचा अंगठा यंत्रावर उमटत नाही.
(२) परिचारिकेने ठशांचे दोन कागद पाठवावेत.
(३) पोलीस भरतीत उमेदवाराचा ठसा पुन्हा ताडून पाहतात.

प्र. ४. जोड्या लावा.
'अ' गट : १८५८, १८९७, १९५२, २०१०
'ब' गट : जमाती विमुक्त झाल्या, पहिला आधार क्रमांक, जंगीपूरचा करार, कलकत्त्याचे अंगुलिमुद्रा केंद्र

प्र. ५. पुढील शब्द उर्दूतही वापरले जातात किंवा त्यांच्याशी मिळतेजुळते शब्द उर्दूत आहेत. ते उर्दू लिपीत लिहा व त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
शाई, निशाणी, अर्ज, परवाना, कागद, अंगठा

उपक्रम : घरातील प्रत्येकाच्या बोटांवर किती चक्रे, किती शंख व किती कमानी आहेत ते भिंगाने पाहा आणि वर्गात तक्ता तयार करा. ठशांची छाप मात्र कोणाला देऊ नका.